पानाला पाणी लावायचं नाही

आमच्या सौंसरच्या घरात एका झाडाचं नाव कुणी घेत नसे. झाड म्हणणंसुद्धा त्याला उगाच मोठेपणा देणं आहे. जमिनीला धरून पसरणारं तण ते, केसाळ पानांचं, लांब दांडीवर एकच पिवळट फूल मिरवणारं. संत्र्याच्या बगीच्यात, कपाशीच्या बांधा-धुऱ्यावर, बस स्टँडच्या मागे, जिथे नको तिथे उगवायचं. एवढ्यावरून ज्यांनी ओळखलं असेल त्यांनी कृपा करून मनातच ठेवावं, कारण मी अजूनही ते नाव लिहिणार नाही.

याला कारण माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांची सरकारी नोकरी, दर दोन-चार वर्षांनी बदली, म्हणून मी लहानपणापासून सौंसरलाच मोठे बाबा आणि मोठी आई यांच्याकडे वाढले. त्यांना मूलबाळ नव्हतं. संत्र्याचा बगीचा होता, थोडी कपाशी होती आणि रविवारचं औषध होतं. फोड, गळू, चिखलाने कुजलेल्या पायाच्या बेचक्या, कुठे लागलं-खुपलं, सगळ्यांवर मोठे बाबा त्या तणाच्या पानांचा लेप द्यायचे. फुकट द्यायचे, आणि घेणाऱ्याने आभार मानले तर चिडायचे.

औषधाचे नियम कडक होते. रविवारी सूर्य उगवायच्या आत आपल्याच बगीच्यातून पान तोडायचं. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत बोलायचं नाही आणि वाटेत कुणी टोकायचं नाही. पानाला पाणी लावायचं नाही, लिंबाचे चार थेंब पिळून घोटायचं. आणि नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो, तो परत येत नाही. आमची सगळी गल्ली रविवारी पहाटे मोठ्या बाबांना पाहून तोंड फिरवायची. एकदा एका नव्या पाहुण्याने त्यांना प्रेमाने "राम राम" घातला, तर मोठे बाबा त्याच पावली माघारी आले आणि अंगणात बसलेल्या सगळ्या गळवांना पुढच्या रविवारची तारीख मिळाली. पाहुण्याला त्या दिवशी जेवणात दुसऱ्यांदा भाजी वाढली गेली नाही.

मोठ्या आईची तर दुहेरी अडचण होती. ती नवऱ्याचं नाव घेत नसे आणि त्या झाडाचंही घेत नसे. "त्यायनं ते आनलं का?" एवढंच विचारायची. कोण ते आणि काय ते, हे आपण समजून घ्यायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. मी नागपुरातून वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. होऊन आले होते आणि पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात मला तात्पुरती नोकरी मिळाली होती. रोज सौंसरहून बसने जाऊन येऊन करायचे. विभागात दोनच माणसं, मी आणि आमचे सर. सरांना संशोधनाची हौस दांडगी. आपल्या भागातल्या झाडापाल्यांचे अर्क काढायचे, ते जंतूंवर टाकायचे आणि कोणतं पान जंतू मारतं, त्यात कोणते उपयोगी पदार्थ आहेत, ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं. "प्रत्येक घरात एखादं पान असतंच," ते म्हणाले. "तुमच्या घरी आहे का?"

मी घरी येऊन ही गोष्ट जेवताना सांगितली. तिथेच चुकलं.

त्या सुमारास सौंसरात एक तरुण डॉक्टर आला होता आणि त्याने मोठ्या बाबांच्या एका रोग्याला "पुन्हा पाला लावून माझ्याकडे येऊ नका" असं सुनावलं होतं. मोठ्या बाबांना ते लागलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"माह्या पानाची परीक्षा घे," ते म्हणाले. "त्या डाक्टरच्या पोट्ट्याले दाखवतो म्या."

"मोठे बाबा, पण मला पानाचं नाव लिहावं लागेल."

"नाव नाही लिहायचं."

"लॅटिनमध्ये लिहितात."

ते जरा विचारात पडले. "लॅटिनमधी लिही. झाडाले लॅटिन कुठं येते?"

दुसरी अडचण पाण्याची होती. पुस्तकात लिहिलेलं असतं की पानं आधी वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावीत. मोठे बाबा ऐकून घेईनात. "धुतलं त ते माहं औषधच नाही राहिलं. मंग तू तुह्या भाजीची परीक्षा घेतली असं होईन." मला हे पटलं. लोक ज्या रीतीने औषध वापरतात त्याच रीतीने ते तपासावं, यात चूक काय? सरांनाही पटलं. आम्ही दोन शिकलेली माणसं समोरासमोर बसून मान डोलावत होतो आणि दोघांपैकी एकालाही शंका आली नाही.

सर नागपूरहून फोडात पू करणारे जंतू घेऊन आले. काचेच्या नळीत, कापसाचं बूच लावून, जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात, पॅसेंजर गाडीने. ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा मोठी आई थक्क झाली. "नागपूरवरून जंतू आनले? इथं कमी होते का?"

जंतू वाढवायला एक खीर लागते. म्हणजे खीर नव्हे, पण दिसते तशीच. समुद्री शेवाळाचा अगर आणि मांसाचा अर्क एकत्र उकळून बशीत ओतला की तो खरवसासारखा थिजतो. हे सगळं वाफेवर निर्जंतुक करावं लागतं आणि कॉलेजातलं त्यासाठीचं यंत्र मी यायच्या आधीच वारलं होतं. मी मोठ्या आईचा कुकर उचलला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन पांढुर्ण्याला नेला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, कॉलेजात पंगत हाय का आज?" मांसाच्या अर्काचं कळल्यावर तो कुकर मोठ्या आईने पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही. पुढचं वर्षभर आमच्याकडे वरण पातेल्यात शिजत होतं आणि दर वेळी मला ते सांगितलं जात होतं.

कागदाला भोक पाडायच्या मशीनने आम्ही जाड कागदाच्या टिकल्या पाडल्या, एकेक टिकली एकेका पानाच्या अर्कात बुडवली आणि जंतू पसरलेल्या बशीत मांडली. कडुनिंब, तुळस, सीताफळ, आणि मोठ्या बाबांचं ते. एक टिकली नुसत्या लिंबाच्या रसातली, म्हणजे लिंबाचं श्रेय पानाला जायला नको. एवढी अक्कल आम्हाला होती. मग बशा एका लाकडी पेटीत ठेवल्या. पेटीत ऊब राहावी म्हणून एक बल्ब लावला होता. पांढुर्ण्याची वीज गेली की सर पेटीला स्वतःची शाल गुंडाळायचे आणि आपल्या पोराला ताप आल्यासारखे तिच्याजवळ बसायचे.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. बशीभर जंतूंची दुधाळ साय धरली होती. तुळशीच्या टिकलीभोवती जरासं मोकळं, कडुनिंबाभोवती थोडं अधिक. लिंबाभोवती मोकळं काहीच नाही. आणि मोठ्या बाबांच्या टिकलीभोवती रुपयाएवढं स्वच्छ, काचेसारखं वर्तुळ.

सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. मीही उभी राहिले. कडुनिंबाला एका तणाने चारीमुंड्या चीत केलं होतं. खरं सांगते, माझा ऊर भरून आला. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून बगीचा दाखवला त्याचं पान सगळ्यांत पुढे निघालं होतं.

त्या आनंदात मी एक बशी चिकटपट्टीने पक्की बंद करून घरी नेली. मोठ्या बाबांनी चष्मा लावून ती खूप वेळ पाहिली.

"म्हंजे हे जे साफ दिसून राहिलं, इथले मेले?"

"हो."

"अन बाकीचे?"

"बाकीचे जिवंत आहेत."

"घरात?" मोठ्या आईने विचारलं आणि ती तीन पावलं मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी बशी जागेवर नव्हती. मोठे बाबा ती टॉवेलात गुंडाळून बाजारात घेऊन गेले होते. कापसाच्या गाड्यांपाशी, चहाच्या टपरीवर, बस स्टँडवर, जामसावळीच्या मारुतीचं दर्शन करून परतणाऱ्या लोकांसमोर त्यांनी ती उघडून, म्हणजे नशिबाने फक्त टॉवेल उघडून, दाखवली. "माह्या पुतनीनं मशीनवर पास केलं," असं ते सांगत होते. मी रागाने लाल झाले, पण बशी काही त्यांनी परत दिली नाही. काही दिवसांनी तिच्यात हिरवी बुरशी चढली. मोठे बाबा मला हाक मारून म्हणाले, "हे पाह्य, आतमधून पान उगवून राहिलं." मी कपाळाला हात लावला.

रविवारची गर्दी वाढली. अंगण पुरेना. लोक आता फोडांशिवायही येऊ लागले, कंबर घेऊन, दाढ घेऊन. एकजण गाय घेऊन आला होता, तिला दूध कमी येत होतं.

आणि त्याच दिवसांत मोठ्या बाबांच्या पायाला काटा लागला.

संत्र्याच्या बुंध्याशी फुटवे काढताना उजव्या पायाच्या करंगळीत काटा गेला. काटा निघाला, पण जागा चिघळली. मोठ्या बाबांना शुगर होती. हे तरुण डॉक्टरने सांगितलं होतं, म्हणून मोठ्या बाबांना ते मान्य नव्हतं. "मले शुगर नाही, मले गोड आवडते," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी स्वतःला आपलाच लेप लावला. करंगळी सुजली, मग तिचा रंग बदलला. मोठ्या आईने हातापाया पडून डॉक्टरला घरी आणवलं. तो पाय पाहून हळू आवाजात म्हणाला, नागपूरला न्या, उशीर झाला तर बोटावर भागणार नाही, पाय जाईल.

मोठ्या बाबांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"माह्या पानानं बरं होईन. सायन्सनं पास केलेलं हाय ते. डाक्टरनं मशीन पाह्यली काय?"

संध्याकाळी मी बसवरून घरी आले तर मोठी आई फाटकातच उभी होती. ती कधी मला रागावली नव्हती. त्या दिवशीही रागावली नाही, पण माझ्या हातातली पिशवी घेऊन तिने मला तिथेच उभं केलं.

"तुह्या त्या काचाच्या डब्बीनं हटून बसले ते. पहिले म्या दोन गोष्टी सांगितल्या त एक तरी ऐकत होते. आता म्हनतात, पास झालं. बाई, आता तूच काहीतरी कर. मले ते चालत-फिरत पाहिजे."

मला फार भीती वाटली. माझं संशोधन म्हणजे काचेच्या बशीतली गंमत होती, ती कुणाच्या पायावर येऊन बसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी मोठ्या बाबांची मनधरणी केली, बशीतले जंतू आणि पायातलं सडणं यांत फरक असतो हे परोपरीने सांगितलं. ते समजूतदारपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुहा तुह्याच परीक्षेवर भरोसा नाही?"

इकडे कॉलेजात सर त्या पानाच्या प्रेमात पडले होते. त्यात कोणते पदार्थ आहेत ते शोधायला त्यांनी परीक्षानळ्यांची रांग लावली होती. नळी हलवून फेस आला की त्यांना आनंद, रंग बदलला की आणखी आनंद. त्या दिवशी एका चाचणीत अर्कात अमोनिया टाकायचा होता. गुलाबी रंग आला तर अमुक पदार्थ आहे, न आला तर नाही, असं पुस्तकात होतं. सरांनी अमोनिया टाकला आणि नळी गर्द निळी झाली. शाईसारखी, डोळ्यांना सुख वाटावं अशी निळी.

"हे कुठेच लिहिलेलं नाही," सर कुजबुजले. "मॅडम, हा नवीनच पदार्थ आहे." बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोर परदेशातली परिषद उभी राहिली असावी, कारण त्यांनी आपली कॉलर नीट केली.

मी पाणी प्यायला बाहेर पडले. शेजारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, तिथे पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. क्षार ओळखायचे होते. आणि खिडकीतून मला दिसलं, लाकडी स्टँडवर ओळीने नळ्या उभ्या आहेत आणि प्रत्येक नळीत सरांचा नवीन पदार्थ आहे. तोच निळा रंग. तांबं असलं की अमोनियाने हा रंग येतो, हे मी स्वतः शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

मग मला आमचा बगीचा आठवला.

संत्र्याच्या झाडांना रोग लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून बुंध्यांना फासतात. बोर्डो म्हणतात त्याला. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. पावसाळा संपल्यावर मोठे बाबा दरवर्षी ड्रम भरून बोर्डो कालवायचे आणि बुंधे आकाशी-पांढरे दिसायला लागायचे. तो आकाशी रंग ओघळून कुठे जाणार? खाली, बुंध्याशी पसरलेल्या त्या तणावर. त्याच पानांना पाणी लावायचं नाही, हा नियम. वर त्यात लिंबू पिळायचं, म्हणजे पानावरचं तांबं चांगलं उतरावं.

मी त्या दिवशी संध्याकाळी बगीच्यात जाऊन गुडघ्यावर बसून पाहिलं. प्रत्येक पानावर आकाशी ठिपके होते. लहानपणापासून ते मी पाहत आले होते, मला वाटायचं ते पानच तसं आहे.

सरांना सांगणं जड गेलं. त्यांनी वाद घातला नाही, नवी बशी पुढे केली. एक टिकली न धुतलेल्या पानाची, एक नळाखाली खसाखसा धुतलेल्या पानाची, एक नुसत्या मोरचुदाच्या पाण्याची. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या पानाभोवती जंतू अगदी टिकलीला टेकून सुखाने नांदत होते. न धुतलेल्याभोवती ते नेहमीचं वर्तुळ. मोरचुदाभोवती त्याहून मोठं.

"म्हणजे एवढे दिवस आपण बोर्डोची परीक्षा घेत होतो," सर म्हणाले.

"चांगल्या मार्कांनी पास झालं," मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो, पण मला हसता हसता रडू यायला लागलं आणि सरांनी लगेच मला घरी पाठवलं.

बशी घेऊन मी मोठ्या बाबांच्या खाटेशी बसले. पाय उशीवर होता आणि खोलीत वास येत होता. तीनही टिकल्या मी त्यांना दाखवल्या. धुतलेलं पान, न धुतलेलं पान, मोरचूद. ते लक्ष देऊन ऐकत होते, मधेमधे मान हलवत होते. मला वाटलं, जमलं.

"म्हनूनच त म्या म्हनत होतो," ते म्हणाले, "पानाले पानी लावायचं नाही. माह्याच बगीच्यातलं पान पाहिजे. खाली-पिली म्हनत होतो का?"

"मोठे बाबा, गुण पानाचा नाही! मोरचुदाचा आहे!"

"समजलं ना." त्यांनी पायाकडे पाहिलं. "मंग मोरचूदच आन घोटून. डायरेक्ट लावतो."

माझा तोल गेला. मी ओरडले. मोरचुदाने आहे ती कातडीही जळेल म्हटलं, हट्टी म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं, जे त्या घरात त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. मोठे बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. स्वयंपाकघरात मोठी आई भाजी चिरत होती. तिची विळी थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.

पुढचा दिवस रविवार होता. पहाटे मोठे बाबा काठी टेकत, पाय ओढत, कुणाशी न बोलता बगीच्यात गेले. त्यांना टोकायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याने एका रविवारचं औषध गेलं असतं, हट्ट गेला नसता. ते परत येईपर्यंत अंगण भरलं होतं. मोठे बाबा ओट्यावर बसले, मुठीतली पानं पाट्यावर ठेवली, लिंबू उचललं. पहिला लेप ते स्वतःलाच लावणार होते.

मोठी आई आतून आली. हात पिठाचे होते. ती कधी रोग्यांसमोर येत नसे. दारात उभी राहून, डोक्यावरचा पदर कोपराने सारखा करून, तिने त्या झाडाचं नाव घेतलं.

मोठ्याने घेतलं. कुणाला वाटू नये की चुकून निघालं, म्हणून पुन्हा एकदा घेतलं.

मोठे बाबा लिंबू हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या संसारात तिने त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनीही पाहिलं नसावं. तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हेच होय ना? मले त पहिलेपासूनच माहीत होतं." दोन-चार जणांनी मान डोलावली. सगळ्यांनाच माहीत होतं.

"गेलं," मोठे बाबा म्हणाले. त्यांनी लिंबू पाट्यावर ठेवलं. "जा बापा, घरी जा. नाहीतर सरकारी दवाखान्यात जा. आता याच्यात काही नाही राहिलं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नागपूरची बस कवा हाय?"

बसमध्ये आम्ही तिघं होतो. मोठे बाबा खिडकीशी, मधे मी, पलीकडे पिशवी मांडीवर घेऊन मोठी आई. ते तिच्याशी बोलत नव्हते. सौंसरपासून नागपूरपर्यंत सगळे निरोप माझ्यामार्फत चालले होते. "तिले विचार, चष्मा घेतला का?" "त्यायले सांग, घेतला."

इस्पितळात त्यांची करंगळी गेली, शेजारचं बोट गेलं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, पण अजून आठवडा गेला असता तर आम्ही गुडघ्यापासून बोलत असतो. मोठे बाबा ऐकत पडले होते. मोठी आई बाहेर गेल्यावर मी त्यांना समजवायला लागले की तिने नाव घेतलं म्हणून काही बिघडलेलं नाही, पानात मुळात काही नव्हतंच, राग सोडा.

"मले समजत नाही का?" ते म्हणाले. "पायाची आग होनं बंद झालं, बोट सुन्न पडलं, तवाच समजलं होतं. तू दुसरी डब्बी दाखवायच्या पहिलेच."

"मग दवाखान्यात आला का नाहीत?"

ते छताकडे बघत होते. "कसा येऊ? इतक्या लोकायले पान देल्लं. म्याच उठून डाक्टरकडे गेलो असतो त उद्या कोन्या तोंडानं अंगनात बसलो असतो? अन लोकायनं कायले बसावं होतं? तिनं नाव घेतलं, मले सोडवलं तिनं." मग ते म्हणाले, "हे तिले सांगू नको. चार दिवस अजून रागावतो म्या. एकदमच बोललो त तिले वाटन, मोकळीक भेटली."

मला हसू आवरेना. मी बाहेर येऊन व्हरांड्यात मोठ्या आईला शोधलं आणि अर्थातच सगळं सांगून टाकलं. ती जराही चकित झाली नाही.

"राहू दे रागावून," ती म्हणाली. "बरे झाले म्हंजे रागावनारच ते."

मग तिने मांडीवरची पिशवी उघडली. सौंसरहून निघाल्यापासून ती पिशवी तिने कुणाच्या हाती दिली नव्हती, ऑपरेशनच्या वेळीही पोटाशी धरून बसली होती. मला वाटत होतं आत जेवणाचा डबा आहे. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मोठ्या बाबांच्या चपला होत्या. तिने दोन्ही आणल्या होत्या. उठून ती आत गेली आणि त्यांच्याकडे न बघता त्या खाटेखाली जोडीने ठेवल्या.